‘ताण घेऊ नका’ म्हणे!

२९ सप्टेंबरचा जागतिक हृदयदिन यंदाही नेहमीच्या थाटात पार पडला. शहरोशहरी प्रभातफेऱ्या निघाल्या, रुग्णालयांनी सवलतीच्या तपासण्यांच्या जाहिराती दिल्या आणि नामांकित हृद्रोगतज्ज्ञांनी नागरिकांना चार हिताच्या गोष्टी सांगितल्या. तेल कमी खा, मीठ कमी खा, तंबाखू सोडा, रोज चाला. ह्यांपैकी एकाही गोष्टीबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ह्या यादीच्या अखेरीस दरवर्षी न चुकता जो एक उपदेश येतो, त्याविषयी आज लिहिणे आम्हांला प्राप्त आहे. ‘ताण घेऊ नका’ हा तो उपदेश. मराठीत माणूस भाजी घेतो, कर्ज घेतो, सुटी घेतो. पण ताण ही काही मंडईत मिळणारी वस्तू नव्हे, की आज महाग दिसली म्हणून घेतली नाही! ताण बहुधा दुसऱ्या कुणीतरी दिलेला असतो. तो कोण देतो, कुणाला देतो आणि तो नाकारण्याचा अधिकार घेणाऱ्याला असतो की नाही, हा प्रश्न हृदयदिनाच्या व्यासपीठावरून सहसा विचारला जात नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर मुळीच विचारला जात नाही.

हृदयविकार हा बड्या साहेबाचा रोग, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. मोठी खुर्ची, मोठी चिंता आणि म्हणून मोठा झटका, असे तिचे गणित. आपल्या चित्रपटांतसुद्धा छातीवर हात धरून जिन्यावर कोसळतो तो गिरणीमालक, नाहीतर नायिकेचा बाप. त्याच घरात भांडी घासणारी बाई छातीवर हात धरून कोसळल्याचे आम्हांला तरी आठवत नाही. ह्या समजुतीला पहिला जबर तडाखा लंडनमध्ये बसला. तेथील सरकारी कचेऱ्यांतील, म्हणजे ज्याला व्हाइटहॉल म्हणतात त्या राज्ययंत्रातील, सतरा हजारांहून अधिक नोकरांची तपासणी १९६७ साली सुरू झाली. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा भलतेच चित्र दिसले. सर्वांत वरच्या श्रेणीतील प्रशासकांच्या मानाने सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-हरकाऱ्यांत हृद्रोगाने मरण्याचे प्रमाण साडेतीन पटींहून अधिक होते. मधल्या श्रेणीतले मधल्या प्रमाणात मरत होते. धूम्रपान, रक्तदाब आदी कारणांनी ह्या तफावतीचा काही भागच उलगडत होता. बरे, हे सारे कायम नोकरीतले लोक. पोटाला नाही असा त्यांत कुणी नव्हता. म्हणजे केवळ दारिद्र्यानेही हे कोडे सुटत नव्हते. शिडीच्या कितव्या पायरीवर माणूस उभा आहे, ह्याची नोंद त्याचे हृदय ठेवत होते.

आता ह्या थोर संशोधनातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या सतरा हजारांत स्त्री एकही नव्हती. कचेऱ्यांत स्त्रिया नव्हत्या असे नाही. त्या टंकलेखन करीत होत्या, फायली लावीत होत्या. त्यांनाही हृदय असते, हे विचारात घेण्याची गरज कुणाला वाटली नाही, इतकेच. १९८५ साली दुसरी पाहणी सुरू झाली, तेव्हा दहा हजार तीनशे आठ नोकरांत तीन हजार चारशे तेरा स्त्रिया घेण्यात आल्या. ज्यांना आपल्या कामावर स्वतःचा ताबा फारसा नाही, म्हणजे काम कोणत्या क्रमाने, किती वेगाने, कोणत्या पद्धतीने करावयाचे हे ज्यांच्या हाती नाही, अशांना हृद्रोग होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असल्याचे ह्या पाहणीवरून १९९७ साली प्रसिद्ध झाले.

अमेरिकेत मात्र स्त्रियांची विचारपूस त्याआधीच झाली होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम ह्या गावात १९४८ सालापासून हजारो रहिवाशांच्या हृदयाची नोंद ठेवली जात आहे. १९६० नंतरच्या दशकात तेथील मध्यमवयीन स्त्रीपुरुषांना त्यांचे काम, स्वभाव आणि संसार ह्यांविषयी सविस्तर प्रश्न विचारण्यात आले आणि पुढे आठ वर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले गेले. सुझान हेन्स आणि मॅनिंग फाइनलीब ह्या संशोधकांनी १९८० साली त्याचा निष्कर्ष मांडला. नोकरी करणाऱ्या स्त्रिया आणि गृहिणी ह्यांच्यात हृद्रोगाच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे. फरक होता तो कारकुनी करणाऱ्या स्त्रियांत. शंभर गृहिणींमागे पाच जणींना हृद्रोग जडला असेल, तर शंभर कारकून स्त्रियांमागे दहाहून अधिक जणींना तो जडला. आणि ज्या कारकून स्त्रियांना मुले होती व ज्यांचे पती हातावर काम करणारे कामगार होते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा एकवीसच्या वर गेले. पाहणीतील नोकरदार स्त्रिया चारशेच्या आतच होत्या, म्हणून ह्या आकड्यांना वेदवाक्य मानू नये. पण त्यांची दिशा स्पष्ट आहे.

ह्या कारकून स्त्रियांपैकी नेमक्या कुणाला धोका अधिक, ह्याचाही शोध त्या दोघांनी घेतला. राग आला तरी तो मनातच ठेवणाऱ्या, वरिष्ठाचा आधार नसलेल्या आणि वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत बसून राहिलेल्या अशा त्या स्त्रिया होत्या. आपल्या भाषेत ‘राग गिळणे’ असा एक वाक्प्रचार आहे आणि तो बहुधा स्त्रियांच्याच संदर्भात, किंबहुना त्यांच्या स्तुतीसाठी, वापरला जातो. सोशिक बाई, समंजस बाई. गिळलेला राग पुढे कुठे जातो, ह्याचा विचार आपल्या वाक्प्रचारांनी केलेला नाही. फ्रॅमिंगहॅमच्या नोंदवह्यांनी तो केला.

असे का व्हावे, ह्याचे एक स्पष्टीकरण रॉबर्ट कॅरासेक ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली दिले. नुसत्या कामाच्या बोजाने माणूस मोडत नाही. बोजा मोठा आणि अधिकार लहान अशी सांगड पडली म्हणजे तो मोडतो, असे त्याचे म्हणणे. संकट दिसताच शरीर अ‍ॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल असे स्राव रक्तात सोडते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, साखर आणि मेद रक्तात उतरतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. समोर वाघ आला आणि माणूस झाडावर चढला, तर ही व्यवस्था प्राण वाचवणारी आहे. पण तोच वाघ रोज दहा ते सहा समोरच्या टेबलाशी बसणार असेल आणि झाडावर चढण्याची सोय नसेल, तर तीच व्यवस्था रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची हळूहळू नासाडी करू लागते. झोप कमी होते, फिरणे सुटते, वजन वाढते आणि मग आम्ही त्या बाईला सांगतो, की तेल कमी खा.

हे वाचून काही मंडळींचे डोळे चमकतील, हे आम्ही जाणून आहो. बायकांनी घराबाहेर पडू नये असे आम्ही सांगत होतोच, आता विज्ञानही तेच म्हणू लागले, असा निष्कर्ष काढावयास ती मोकळी होतील. म्हणूनच फ्रॅमिंगहॅमचे ते पहिले वाक्य लक्षात ठेवावयास आम्ही सांगितले होते. नोकरी केल्याने स्त्रीचे हृदय बिघडते असे कुणीही सिद्ध केलेले नाही. उलट घराविषयी जे सिद्ध होत आहे, ते ह्या मंडळींनी अवश्य वाचावे. व्हाइटहॉलच्या त्याच दुसऱ्या पाहणीवरून २००४ साली असे दिसून आले, की घरात ज्यांच्या शब्दाला किंमत नाही अशा स्त्रियांना हृद्रोगाचा धोका अधिक असतो. पुरुषांत असा संबंध आढळला नाही. स्टॉकहोममध्ये क्रिस्टिना ओर्थ-गोमेर ह्या विदुषीने हृद्रोगाने आजारी पडलेल्या स्त्रियांचा पाठपुरावा केला. वैवाहिक जीवनात तीव्र ताण असलेल्यांना पुन्हा गंभीर त्रास होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट असल्याचे २००० साली तिने दाखवून दिले. नोकरीतल्या ताणाचा असा परिणाम त्या स्त्रियांत दिसला नाही! घर हे विश्रांतिस्थान आहे, ही गोष्ट पुरुषाच्या बाबतीत खरी असेल. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आपल्याकडे प्रथा आहे, पण ह्या खटल्यात तरी नोकरीला एकटीलाच सुळावर चढवता येणार नाही.

शास्त्राचा आधार घ्यावयाचा, तर तो सोयीपुरता घेऊन चालत नाही. तेव्हा आमच्या मांडणीला गैरसोयीचे असे जे आहे, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील पस्तीस हजार परिचारिकांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. चार वर्षांच्या त्या पाठपुराव्यात कामाचा ताण आणि हृद्रोग ह्यांचा संबंध मुळीच दिसला नाही. नंतर २०१२ साली बावीस हजार शहाऐंशी स्त्रियांचा दहा वर्षांचा अभ्यास पुढे आला. ह्या बहुतेक आरोग्यव्यवसायातल्या होत्या. बोजा मोठा आणि अधिकार लहान अशा स्त्रियांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका शेकडा अडतीसने अधिक आढळला. इथपर्यंत कॅरासेकचे म्हणणे खरे ठरले. पण ज्यांचा बोजाही मोठा आणि अधिकारही मोठा, अशा स्त्रियांनाही तो तितकाच आढळला. शिवाय नोकरी जाईल ही धास्ती आणि दहा वर्षांनंतरचा रोग ह्यांचा थेट संबंध त्यात जुळला नाही. तेव्हा केवळ हुद्दा वाढवून दिला की स्त्रीचे हृदय सुरक्षित झाले, असे म्हणता येणार नाही. आमचा तर्क असा, की अधिकारी पुरुष संध्याकाळी घरी जातो तेव्हा त्याचा दिवस संपतो आणि अधिकारी स्त्री घरी जाते तेव्हा तिचा दुसरा दिवस सुरू होतो. पुरुषाच्या मापाने बेतलेले सिद्धान्त तिला नीट बसत नाहीत, ते बहुधा ह्यामुळेच.

लंडनच्या कारकुनांची आणि अमेरिकेच्या परिचारिकांची ही कथा ह्या शहराच्या वाचकांना सांगण्याचे प्रयोजन काय? एक तर आपल्या उपखंडात हृदयाचा पहिला झटका लवकर येतो. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ ह्या पाहणीत दक्षिण आशियातील निम्म्या रुग्णांना तो त्रेपन्न वर्षांच्या आतच आला होता. अन्य देशांत हे वय एकोणसाठच्या आसपास होते. दुसरे म्हणजे, तिचा दुसरा दिवस आमच्याकडे फार मोठा असतो. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या विनियोगाची जी पाहणी केली, तीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचे रोजचे विनामूल्य घरकाम दोनशे एकोणनव्वद मिनिटांचे भरले आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचे अठ्ठ्याऐंशी मिनिटांचे. आणि ह्या हिशेबात हात लावणारेच पुरुष धरलेले आहेत, न लावणारे नाहीत! ह्या शहरात १९९२ साली चर्चगेट ते बोरीवली अशी खास स्त्रियांची लोकलगाडी सुरू झाली, तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले होते आणि ते योग्यच होते. त्या डब्यात बसून गवारीच्या शेंगा मोडणाऱ्या बायकांची छायाचित्रे वृत्तपत्रांनी हौसेने छापली. आम्हीही छापली. परतीच्या वाटेवर, बसायला मिळालेल्या अर्ध्या तासातही जिचे हात थांबत नाहीत, तिचे ते चित्र कौतुकाचे आहे की काळजीचे, हे तेव्हा आम्हांला सुचले नाही.

पण कारकून स्त्रीपेक्षाही खालची एक पायरी आपल्याकडे आहे आणि ती आपण नव्याने बांधली आहे. लंडनचा हरकाऱ्या शिपाई निदान नोकर तरी होता. आपल्या आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका ह्या नोकरच नाहीत. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि लक्षावधी स्त्रिया कामाला लागल्या. त्यांना नाव दिले ‘सेविका’, ‘स्वयंसेविका’. त्यांना जे मिळते त्याला नाव दिले ‘मानधन’. भाषेचा शिक्षक म्हणून आम्ही पुष्कळ वर्षे घालवली आहेत, पण दोन गोड शब्दांनी इतक्या बायकांची रजा, निवृत्तिवेतन आणि वेतनश्रेणी एकदम नाहीशी केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. मुंबई महानगरपालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका झोपडपट्टीतून दारोदार फिरतात, त्यांचीही जातकुळी हीच. रात्री दोन वाजता बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला आशा हवी, २०२० च्या साथीत घरोघर जाऊन ताप मोजायला आशा हवी, प्रत्येक नव्या सर्वेक्षणाला आशा हवी. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाखांवर आशांचा गौरव केला. त्यानंतर २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या. बोजा किती आणि अधिकार किती, हे कॅरासेकला शिकवावयाचे असते, तर ह्यापेक्षा सोपा धडा सापडला नसता. २०२१ साली राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल संच परत केले. जे यंत्र चालत नाही आणि ज्यावरील मजकूर वाचता येत नाही, त्यावर माहिती भरली नाही म्हणून मानधन कापले जाण्याची त्यांना भीती होती. कामाची साधने निवडताना काम करणाऱ्या बाईला कुणी विचारले नव्हते.

येथे एक जुनी आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही शाळेत शिकवत असताना विनाअनुदानित तुकडीवर एक बाई होत्या. काम पूर्ण वेळेचे, पगार नावाला, नेमणूक वर्षा-वर्षाची. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत जाताना त्या जिन्याच्या वळणावर थांबत आणि छातीच्या मधोमध मूठ दाबून धरत. विचारले तर म्हणत, ‘काही नाही सर, पित्त आहे.’ डॉक्टरांनीही पित्ताच्याच गोळ्या दिल्या होत्या. आम्ही त्यांना काय सांगितले? ‘बाई, फार मनाला लावून घेऊ नका.’ वर्ष संपत आले असताना त्यांना झटका आला. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस होते. त्या वाचल्या, पण अडीच महिन्यांनी परत आल्या तेव्हा त्यांच्या तुकडीवर दुसऱ्या बाई शिकवत होत्या. रजेचा हक्कच नव्हता, त्यामुळे कुणी अन्याय केला असे कागदोपत्री म्हणता येत नव्हते. शिक्षकदालनात आम्ही सगळे गप्प बसलो. परवाचा उपदेश वाचताना आमचेच ते वाक्य आम्हांला ऐकू आले.

डॉक्टरमंडळींना एकच विनंती. छातीत दुखणे हे स्त्रियांतही झटक्याचे मुख्य लक्षण आहेच. पण त्यांच्यात दम लागणे, मळमळ, जबडा वा पाठ दुखणे, अतोनात थकवा ही लक्षणे सोबत अधिक दिसतात आणि म्हणून रोग हुकतो. आपले दुखणे खरे आहे हे पटवण्यासाठी स्त्रीला आधी पुरुषासारखे आजारी पडावे लागते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रमुख डॉ. बर्नाडीन हीली ह्यांनी १९९१ साली लिहिले होते. पंचेचाळीस वर्षांच्या बाईने ‘पित्त’ म्हटले, तरी डॉक्टरांनी तेवढ्यावर थांबू नये.

सरकारकडे मात्र विनंती करून भागणार नाही. अंगणवाडी सेविकांना उपदान दिले पाहिजे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला, तेव्हाच ‘मानसेवा’ ह्या कल्पनेचा पाया निखळला. आता उरलेले सोंग टाकून द्यावे. आशा, अंगणवाडी सेविका व मदतनीस ह्यांना कर्मचारी म्हणावे, आजारपणाची पगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी द्यावा आणि नवे सर्वेक्षण, नवे यंत्र किंवा नवे उद्दिष्ट लादण्यापूर्वी त्यांच्या प्रतिनिधींना टेबलाशी बसवावे. पैसा नाही, असे उत्तर येईल. पण प्रतिनिधींना बसवण्यास खुर्चीपलीकडे काही खर्च नाही. खाजगी मालकांनाही सांगावयाचे आहे. १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन, पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर असावे असे ठरले. आपल्या कचेरीतले पाळणाघर कोणत्या मजल्यावर आहे, हे वाचकांनी उद्या विचारून पाहावे. आणि कुणाची रात्रपाळी कधी, हे परिचारिकांना आदल्या दिवशी फलकावर न कळता आधी त्यांना विचारून ठरावे, ह्याला तर कायद्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. घरातल्या दोनशे एकोणनव्वद मिनिटांचा हिशेब सरकार करू शकत नाही. तो ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात व्हावयाचा आहे आणि हे वाचणाऱ्या पुरुषांनी तो आज रात्रीच सुरू करावयास हरकत नाही.

शेवटची मागणी लहान आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाला हृद्रोग, मधुमेह, रक्तदाब ह्यांचा धोका किती, ह्याचा एक तक्ता सरकारी योजनेखाली भरला जातो. तो घरोघर जाऊन भरण्याचे काम आशा सेविकांचे आहे. तपासणीच्या शिबिरापर्यंत गावच्या बायकांना आणतात त्याही आशाच. पुढील हृदयदिनापूर्वी राज्यातील प्रत्येक आशेचा आणि अंगणवाडी सेविकेचा स्वतःचा तक्ता भरला जावा, रक्तदाब मोजला जावा, आणि व्हाइटहॉलच्या नोकरांची ठेवली तशी त्यांचीही नोंद दरवर्षी ठेवली जावी. आरोग्य खात्याने हे काम कधी सुरू करणार ते जाहीर करावे. ती तारीख आम्ही ह्याच जागी छापू.